जनरेटर सांभाळायला घेतलाय? मग पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते सगळं

आमच्या इंदुरात आता पूर्वीसारखी लाइट जात नाही, २००३ च्या आसपासचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना विचारा, तासन् तास कपात असायची आणि प्रत्येक दुकानाबाहेर एक छोटा जनरेटर धडधडत असायचा. आता महिना महिना काही होत नाही, मग मे-जूनमध्ये वादळ येतं, कुठेतरी झाड पडतं आणि दोन तास अंधार. म्हणजे सोसायटीचा जनरेटर वर्षभर जवळपास उभाच असतो आणि सगळी गडबड तिथेच होते, कारण उभं मशीन आपोआप चांगलं राहत नाही. बॅटरी उतरते, डिझेलमध्ये पाणी साठतं, उंदीर वायर कुरतडतात आणि हे कोणालाच कळत नाही, कळतं ते नेमकं लाइट गेल्यावर.

मी हे शिकले ते हौसेने नाही. तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या, आणि चौकीदाराने जनरेटरची किल्ली फिरवली तर सेल्फने (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसतं टक् केलं, बस. बॅटरी मेलेली. नंतर कळलं की बॅटरीच्या चार्जरचा प्लग कोणीतरी मोबाइल लावायला काढला होता तो परत लावलाच नव्हता, किती दिवस ते देव जाणे. शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवरून लांब वायर ओढून आजींचं मशीन चालू केलं, आजी सुखरूप राहिल्या, पण ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी मी उस्तादांना (आमचे मिस्त्री, इथे सगळे त्यांना उस्तादच म्हणतात) म्हटलं, मला सगळं शिकवा. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी आणि चौकीदार दादा मिळून मशीन बघतो. तुम्ही नव्याने सेक्रेटरी झाला असाल, मंगल कार्यालयाचं किंवा छोट्या क्लिनिकचं बघत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. आमचा सेट म्हणजे जनरेटर ६२.५ केव्हीएचा (केव्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप), वॉटर कूल्ड, कॅनोपीवाला (वरून झाकणारी लोखंडी पेटी असलेला) आहे, तुमचा लहान-मोठा असेल पण पद्धत तीच.

हात लावायच्या आधी

सगळ्यात पहिलं, आजकालचे पॅनल ऑटोवर असतात, म्हणजे लाइट गेली की इंजिन कोणाला न विचारता आपोआप सुरू होतं. तुमचा हात फॅन बेल्टजवळ आहे आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून कॅनोपीचं दार उघडण्याआधी पॅनल ऑफवर करायचं, इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबायचं, आणि बेल्ट किंवा फॅनजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, हे उलटं करू नका, पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी उडते. आणि बायकांसाठी खास सांगते, ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या, हे सगळं आवरूनच जवळ जायचं. पुरुषांनी गळ्यातली साखळी आणि हातातलं कडं काढायचं, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला धातू टेकला तर तो क्षणात लाल होतो.

गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, आत प्रेशरमध्ये उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. चालू इंजिनमध्ये डिझेल भरायचं नाही. आणि बंद खोलीत किंवा बेसमेंटमध्ये धूर बाहेर जायची सोय नसताना सेट चालवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही.

पहिल्या दिवशी: प्लेट, तास आणि वही

सेटवर एक धातूची प्लेट असते तिचा मोबाइलवर फोटो काढा. केव्हीए, व्होल्टेज, करंट, इंजिनचा आणि अल्टरनेटरचा (वीज तयार करणारा भाग) नंबर, सगळं त्यावर असतं, पुढे फिल्टर मागवताना किंवा सर्व्हिसवाल्याशी बोलताना हेच विचारतात. केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट मिळतात, म्हणजे आमचे ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॅट आणि ४१५ व्होल्टला पूर्ण लोड म्हणजे प्रत्येक फेजवर साधारण ८७ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

मग अवर मीटर बघा. गाडीला जसे किलोमीटर तसे जनरेटरला तास, पण इथे एक फरक आहे, आपला सेट वर्षाला ४०-५० तासच चालत असेल तर "अजून २५० तास कुठे झालेत" म्हणून तीन-तीन वर्षं ऑइल न बदलणारे लोक मी बघितलेत. ऑइल उभ्या इंजिनमध्येही खराब होतं, त्यात ओल येते, आम्ल तयार होतं. म्हणून नियम नेहमी "इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असाच असतो. मॉडेलप्रमाणे २५० ते ५०० तास, किंवा ६ महिने ते १ वर्ष, तुमचं मॅन्युअल जे म्हणतं तेच खरं धरा. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या डीलरकडे प्लेटवरचा नंबर देऊन मागा.

आणि एक जाड वही घ्या, लॉगबुक, ती कॅनोपीजवळच दोरीने बांधून ठेवा. तारीख, अवर मीटर, डिझेल किती, ऑइल किती टाकलं, बॅटरीचा व्होल्ट, काही वेगळं दिसलं-ऐकलं तर ते. मला सुरुवातीला हे उगाच वाटायचं पण आमच्या सेटचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) महिन्याला अर्धा लिटर कमी होतंय हे वहीमुळेच कळलं, होज पाइपचा क्लॅम्प ढिला होता, नुसतं बघून कधीच लक्षात आलं नसतं कारण गळालेलं लगेच वाळून जायचं.

दर आठवड्याला, थंड इंजिनवर

आधी वाकून खाली बघा. डबकं, डाग, ओल काही आहे का. काळं चिकट म्हणजे ऑइल, वास मारतंय आणि बोटाला तेलकट लागतंय ते डिझेल, हिरवट-गुलाबी ते कूलंट.

मग ऑइलची डीप (लेव्हल बघायची पट्टी) काढा, कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पाहिजे. कमी असेल तर थोडं थोडं टाका आणि वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्त ऑइल झालं की तेही नुकसानच करतं, फेस होतो. ऑइल चहात दूध टाकल्यासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, आणि लेव्हल आपोआप वाढली असेल व डिझेलचा वास येत असेल तर डिझेल गेलंय, दोन्हीत इंजिन सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.

कूलंट बघा, रेडिएटरमध्ये किंवा बाजूच्या बाटलीत. कमी असेल तर नळाचं किंवा बोअरिंगचं पाणी ओतू नका. इंदूरच्या बोअरिंगचं पाणी किती जड आहे ते घरच्या गीझरच्या कॉइलवर दिसतंच, तोच पांढरा थर इंजिनच्या आत बसतो आणि मग मे महिन्यात सेट गरम होऊन बंद पडतो. नर्मदेचं पाणी त्यामानाने बरं असलं तरी ते प्यायला, इंजिनला नाही. तयार मिळणारं कूलंट, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं मिसळलेलं, तेच टाकायचं, आणि आधी जे आहे त्याच प्रकारचं.

डिझेलची टाकी पाऊणच्या खाली जाऊ देऊ नका. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या हवेतली ओल रात्री थंड होऊन टाकीच्या भिंतींवर पाणी बनून जमते, ते तळाला बसतं आणि त्या पाण्यात चिकट शेवाळासारखं काहीतरी वाढतं, फिल्टर तेच चोंदवतं. पण काठोकाठही भरू नका, उन्हाळ्यात डिझेल फुगतं. फिल्टरच्या खाली वॉटर सेपरेटर असेल तर त्याचा स्क्रू ढिला करून पारदर्शक बाटलीत थोडं काढा, तळाला पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर नुसतं स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. कॅनमधून भरताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा आणि जुनं आधी संपवा, वर्ष-वर्ष पडून राहिलेलं डिझेल चांगलं नसतं.

एअर फिल्टरवर एक छोटा इंडिकेटर असतो, तो लाल झाला की फिल्टर बदलायचा. बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबा, साधारण एक-सव्वा सेंटिमीटर दबला पाहिजे, चिरा पडल्या असतील तर बदला. रेडिएटरच्या जाळीत धूळ, पानं, चिमणीच्या काड्या अडकतात त्या मऊ ब्रशने काढा. इथपर्यंत दहा मिनिटांचं काम आहे.

बॅटरी, हिच्यावर सगळ्यात जास्त लक्ष

मी पूर्ण मनापासून सांगते, बाकी काही जमलं नाही तरी बॅटरी बघा. उस्ताद म्हणतात की त्यांना "सेट सुरूच होत नाही" म्हणून जितके फोन येतात त्यातले निम्म्याहून जास्त बॅटरीचे, टर्मिनलचे नाहीतर चार्जरचे निघतात.

साधा मल्टिमीटर घ्या, इथल्या सियागंज बाजारात सहज मिळतो. चार्जर बंद करून तासाभराने बॅटरी मोजा, १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी १२.६ किंवा जास्त दाखवते, १२.२ म्हणजे अर्धीच उरलीये. पण नुसता उभा व्होल्ट फसवतो, म्हणून सेल्फ मारताना कोणालातरी मीटर धरायला सांगा, त्या क्षणी काटा ९.५ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकलीये, तिच्या भरवशावर राहू नका. पाणी टाकायची बॅटरी असेल तर प्रत्येक झाकण उघडून प्लेट बुडालेल्या आहेत ना बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, ॲसिड कधीच नाही. हायड्रोमीटरने मोजलं तर भरलेला सेल १.२५ ते १.२८ दाखवतो, सगळे सेल बरे आणि एकच खूप खाली असेल तर तो सेल गेला, म्हणजे बॅटरीच गेली.

टर्मिनलवर पांढरी-निळी पूड जमते ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. हे करताना डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ काडी-सिगरेट बिलकुल नाही कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

आणि तो चार्जरचा प्लग. आम्ही तो काढून टाकून चार्जर थेट पक्का जोडून घेतला, वर लाल अक्षरात "हा स्विच बंद करू नये" लिहिलं. चार्जर चालू असताना बॅटरीवर साडेतेराच्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे तो काम करतोय, १२ च्या आसपासच दिसले तर चार्जर मेलाय, नुसता दिवा पेटतोय म्हणून समाधान मानू नका. बॅटरी सहसा दोन-तीन वर्षं चालते, घेतल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा.

दर पंधरवड्याला चालवून बघणं, आणि लोडवरच

हे बरेच लोक चुकीचं करतात. सेट सुरू करतात, पाच मिनिटं रिकामा फिरवतात, बंद करतात आणि खूश. रिकाम्या इंजिनचं तापमान वर येत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ते अर्धवट जळलेलं काळं तेलकट सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरमध्ये साठत जातं, हळूहळू इंजिन धूर सोडायला लागतं आणि ताकद जाते. म्हणून अर्धा तास, आणि निदान ३० टक्के लोडवर. आमच्या ५० किलोवॅटच्या सेटला ३० टक्के म्हणजे १५ किलोवॅट, प्रत्येक फेजवर २६ अँपिअरच्या आसपास. आधी आम्ही दुपारी चाचणी घ्यायचो तेव्हा मीटर ६-७ अँपिअर दाखवायचं, आता रविवारी सकाळी सातला घेतो, दोन्ही पाण्याचे पंप, लिफ्ट, फ्लॅटमधली मिक्सर-इस्त्री सगळं सुरू असतं. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, म्हणजे लिफ्टमध्ये कोणी अडकत नाही.

पद्धत अशी. पॅनल मॅन्युअलवर, ब्रेकर (लोड जोडणारा मोठा स्विच) ऑफ, सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, सुरू झालं नाही तर अर्धा मिनिट थांबून परत, तीनदा होऊनही नाही तर थांबा आणि कारण शोधा, नाहीतर सेल्फची मोटर जळते. सुरू झालं की पहिली नजर ऑइल प्रेशरवर, काही सेकंदांत वर आलं नाही तर लगेच बंद. दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, व्होल्टेज ४१५ च्या आसपास आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ बघा, रिकाम्यावर ५१-५२ दिसली तरी चालतं, लोड आल्यावर उतरते. ५० हर्ट्झ म्हणजे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय. मग ब्रेकर ऑन, लोड टप्प्याटप्प्याने, तिन्ही फेजवरचा करंट साधारण सारखा आहे का बघा आणि ते आकडे वहीत लिहा.

चालू असताना बाहेर येऊन धूर बघा, धुरावरून खूप कळतं. सुरुवातीला थोडा निघून साफ झाला तर काळजी नाही. काळा येतच राहिला तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा लोड जास्त झालाय किंवा इंजेक्टरचं काम आहे. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, आणि सोबत कूलंट कमी होत असेल तर हेडच्या पॅकिंगचा (इंजिनच्या वरच्या भागाखालचं गॅस्केट) संशय घ्या.

बंद करताना घाई नको. लोड काढा, तीन ते पाच मिनिटं रिकामा चालू द्या, मग बंद. आणि शेवटी पॅनल परत ऑटोवर टाका! हे विसरलात तर सगळी मेहनत वाया, लाइट जाईल आणि सेट शांत उभा राहील. आमच्या वहीच्या प्रत्येक ओळीत शेवटचा रकाना "ऑटोवर टाकला, सही" हाच आहे.

ऑइल आणि फिल्टर बदलणं

पहिल्यांदा मिस्त्रीसोबत उभं राहून बघा, दुसऱ्यांदा स्वतः करा. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा, गरम ऑइल पातळ होतं आणि सगळी घाण घेऊन बाहेर येतं. बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, खाली मोठी परात ठेवा, सम्पचा (इंजिनखालची ऑइलची टाकी) बोल्ट उघडा, पूर्ण निथळू द्या. बोल्टचा तांब्याचा वॉशर नवीन टाका. जुना फिल्टर पट्टापान्याने सोडवा, जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना हे हात फिरवून तपासा कारण दोन रिंगा एकावर एक बसल्या की सगळं ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने थोडं ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पाऊण फेरा, पान्याने आवळायचं नाही. ऑइल बहुतेक सेटना १५डब्ल्यू-४० लागतं, पण ग्रेडसोबत डब्यावर सीएच-४ किंवा सीआय-४ असं जे लिहिलेलं असतं तेही मॅन्युअलशी जुळवा. भरून झालं की मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटांनी डीप परत बघा.

डिझेल फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते, मिस्त्री म्हणतात "एअर पकड ली", आणि मग इंजिन सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन बंद पडतं. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू थोडा ढिला करा, हँड पंप दाबत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल, तेव्हा पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळा. सांडलेलं लगेच पुसा.

एअर फिल्टर झटकून, बाहेरून कॉम्प्रेसरची हवा मारून परत बसवतात ते करू नका, कागद फाटतो आणि माळव्याची ती बारीक काळी माती थेट सिलिंडरमध्ये जाते, नवा फिल्टर इंजिनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

जुनं ऑइल गटारात किंवा बागेत ओतू नका, आणि उधईसाठी कोणी मागितलं तरी देऊ नका. कायद्याने तो घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत रिसायकल करणाऱ्यांकडेच द्यायचं असतं, सर्व्हिसवाल्याला सांगून त्याची पावती वहीत लावा.

आपल्याकडच्या ऋतूंचं थोडं

मे महिन्यात अर्थिंगकडे बघा, कोणीच बघत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉडपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होतं. सेटला चार अर्थ पिट असतात, दोन बॉडीचे, दोन न्यूट्रलचे. झाकण उघडून आठवड्याला बादलीभर पाणी ओता, जोड गंजलेत का बघा आणि वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरने मोजून घ्या. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच बंद, आणि थेट इलेक्ट्रिशियन.

पाऊस सुरू व्हायच्या आधी केबल जिथून आत जाते ती भोकं बंद करा, उंदीर, पाल, गांधीलमाशी, सगळे कोरडी जागा शोधत कॅनोपीत येतात. पॅनलच्या आत पाल चिकटून शॉर्ट झाल्याचं मी स्वतः बघितलंय. महिनोन् महिने बंद राहिलेला सेट पावसाळ्यात सुरू करण्याआधी अल्टरनेटरचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या, ते मात्र इलेक्ट्रिशियनच करेल.

टॅपेट, इंजेक्टर, डिझेल पंप, गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा), एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा), यांना आपण हात लावायचा नाही. १ जुलै २०२३ नंतरच्या प्रदूषण नियमांतले जे नवे सेट आहेत त्यांच्यात सेन्सर आणि कंट्रोलर असतो, मोठ्या सेटमध्ये युरियाचं द्रावणही भरावं लागतं, तिथे वायर काढून जुगाड केलंत तर सेट स्वतःच ताकद कमी करतो किंवा बंद होतो.

शेवटचं, एक डबा तयार ठेवा. एक फॅन बेल्ट, एक-एक ऑइल आणि डिझेल फिल्टर, फ्यूज, दहा-अकराचा आणि तेरा-चौदाचा पाना, टॉर्च, कापड, पाच लिटर ऑइल. कॅनोपीच्या दारावर आतून मिस्त्रीचा नंबर आणि सुरू करायच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात, हिंदी-मराठी दोन्हीत, कारण रात्री दोनला चौकीदार एकटाच असतो. आणि किल्ल्या दोन करा. आमच्याकडे एक चौकीदार दादांच्या केबिनमध्ये असते, आणि दुसरी तिसऱ्या मजल्यावर, आजींच्या दाराशेजारच्या खिळ्याला.